पिवळ्या बदकाआडचं कॉलेज

या, असे जरा जवळ सरका. खुर्ची ओढून घेतलीत तरी चालेल, आवाज होईल एवढंच. मला चार लोक जवळ बसल्याशिवाय सांगायला सूर लागत नाही. कीर्तनं ऐकून ऐकून लागलेली खोड आहे, बुवासुद्धा मागे बसलेल्यांना आधी पुढे बोलावतात आणि मगच तोंड उघडतात. तर एक हकीकत सांगतो. माझ्या घरची आहे, खरी आहे आणि तिच्यात माझी शोभा झालेली आहे. हसू आलं तर हसा, मला सवय झाली. शेवटी मात्र तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, ते हसण्यावारी नेऊ नका.

मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. म्हणजे दुकानातला किलो हा खरंच किलो आहे का, हे बघणं माझं काम. आयुष्यभर हे काम केलेल्या माणसाचा जगावर विश्वास किती उरणार, हे तुम्हीच ठरवा. दुकानदार मला बघून आधी हसतो, मग घाम पुसतो, मग म्हणतो, "साहेब, आपल्याकडे तसलं काही नाही." तसलं म्हणजे कसलं, हे मी अजून विचारलेलंही नसतं. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक मी काढलं आहे, पोकळ वजनं कापून पाहिली आहेत, आणि एकदा तर एका मापाच्या तळाशी मेणाचा इतका सुबक थर सापडला होता की जप्त करताना मला वाईट वाटलं. तात्पर्य, तपासल्याशिवाय शिक्का नाही. हे वाक्य मी ऑफिसात म्हणतो, घरात म्हणतो आणि बायकोच्या मते झोपेतही म्हणतो.

आता माझ्या एकुलत्या एक मुलीला मातीचं शास्त्र शिकायचं होतं. हो, माती. आम्ही तिला लहानपणी मातीतून उचलून हात धुवायला नेत होतो, तेव्हाच तिचा कल ओळखायला हवा होता. हे शास्त्र शिकवणारं कॉलेज लांबच्या शहरात, तिथे तिला प्रवेश मिळाला आणि वसतिगृहात जागाही मिळाली. पेढ्यांइतकं गोड बोलत सगळे अभिनंदन करून गेले, आणि मग माझ्या फोनवर कॉलेजचा निरोप आला. "आपल्या पाल्यास वसतिगृहात राहून शिक्षण घेण्यास आपली संमती आहे काय?" खाली दोन चौकोन. होय. नाही. शुक्रवारी कार्यालय बंद होण्याआधी कळवावे.

मी कुठलाच चौकोन दाबला नाही. कॉलेजला फोन करून म्हटलं, मला वसतिगृह आतून बघायचं आहे. पलीकडचा माणूस म्हणाला, "सध्या बघता येणार नाही, रंगकाम सुरू आहे."

झालं. रंगकाम. ज्याला काही झाकायचं नसतं तो भिंतीला रंग कशाला लावेल?

ही शंका मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या विमेवाल्यांना बोलून दाखवली. विमेवाले आता निवृत्त आहेत, पण उभा जन्म त्यांनी लोकांना काय काय होऊ शकतं हे समजावून सांगण्यात घालवला, ती कला काही निवृत्त झाली नाही. जिन्यात भेटले की ते आधी आपल्या तब्येतीची चौकशी करतात आणि आपण बरी आहे म्हटलं की उदास होतात.

"मुलीला पाठवायला माझी हरकत नाही," ते म्हणाले. जणू मी त्यांची परवानगी मागायला गेलो होतो. "पण माल घेण्याआधी नमुना बघावा माणसाने. माझ्या चुलतभावाच्या साडूची मुलगी अशीच गेली होती हॉस्टेलला."

"मग? काय झालं तिचं?"

"तेच तर. कोणी काही सांगतच नाही."

त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, कॉलेज आतून कसं असतं याचा नमुना मिळाला असता तर बरं झालं असतं. मी स्वतः कॉलेजात गेलेलो नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळचे वर्ग केले, तिथे आमच्यातला अर्धा वर्ग झोपलेला असायचा आणि उरलेला अर्धा बायकोचे फोन घ्यायचा. त्यावर मुलगी सहज म्हणाली, "बाबा, मी तो खेळ खेळते ना, माणसं बनवायची, त्यांचं घर बांधायचं, त्यांना नोकरीला लावायचं? त्याचा आता कॉलेजचा नवा भाग आलाय. हॉस्टेल, लायब्ररी, परीक्षा, सगळं आहे. बघा खेळून, म्हणजे कळेल."

ती चेष्टेत बोलली असावी. पण मी चेष्टा लगेच ओळखत नाही, आधी तपासतो.

खेळ सुरू करायचा म्हणजे आधी खातं उघडायचं. खातं उघडायचं म्हणजे जन्मतारीख द्यायची. इथे माझे कान टवकारले. खेळात बाहुल्या नाचवायच्या, त्यासाठी यांना माझी जन्मतारीख कशाला? विमेवाल्यांनी मला मागेच बजावलं होतं की संगणकाला खरी जन्मतारीख देणं म्हणजे घराच्या किल्ल्या पायपुसण्यावर ठेवून वर पायपुसण्याचा पत्ता छापणं. तेव्हापासून अशा सगळ्या ठिकाणी मी एकच ठरलेली तारीख देत आलो आहे, म्हणजे गोंधळ नको. ज्या दिवशी मला वरिष्ठ निरीक्षक म्हणून बढती मिळाली, ती. देवाधर्माचं करणारा माणूस खोटं कसं बोलला, असं मनात आणू नका. ती तारीख माझ्या आयुष्यातली अगदी खरी तारीख आहे, फक्त जन्माची नाही. त्या बढतीला आठ वर्षं झाली, हा हिशेब मात्र मी केला नव्हता. संगणकाने केला.

पडदा एकदम गुलाबी झाला. त्यावर एक टोपीवाला ससा आला आणि म्हणाला, "प्रिय छोट्या मित्रा, मोठ्यांना बोलाव."

मी मदत कक्षाला लिहिलं की मी लहान नाही, सरकारी अधिकारी आहे. उत्तर आलं, "छोट्या मित्रा, तुझी कल्पनाशक्ती आम्हाला आवडली." मी पुन्हा जरा करड्या भाषेत लिहिलं. उत्तर आलं की वय बदलायचं असल्यास तुझ्या पालकांनी तुझा जन्मदाखला पाठवावा. माझे पालक देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली, असं मी कळवलं. त्यावर मात्र त्यांनी मनापासून दुःख व्यक्त केलं आणि लहान वयात आधार हरपलेल्या मुलांशी बोलणाऱ्या एका बाईंचा नंबर दिला.

शेवटी मुलगी आली, तिने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि ओठ दाताखाली धरून म्हणाली, "घरातल्या कुठल्याही सज्ञान माणसाला पालक करता येतं. मी होऊ का?"

अशा रीतीने माझी मुलगी माझी पालक झाली. मला रोज एक तास खेळायची मुभा होती. तास संपला की पडद्यावर कुलूप येई, आणि मी "आणखी वेळ हवा" हे बटण दाबलं की तिच्या फोनवर निरोप जाई, "आपला पाल्य परवानगी मागत आहे. होय. नाही." ती शेजारच्या खोलीतून होय दाबायची. घरातल्या कर्त्या पुरुषाला ही गोष्ट कशी लागते ते सांगता येणार नाही. पण तपासाच्या कामात अपमान धरून चालत नाही.

मग मी घर मांडलं. आधी आम्ही तिघं. बायकोचं नाक जमायला फार वेळ गेला. ती मागून येऊन बघून गेली.

"हे माझं नाक आहे?"

"साधारण."

"आणि तुमच्या डोक्यावर हे काय?"

"केस आहेत."

"तेच म्हणते. कुणाचे?"

मुलगी मात्र हुबेहूब झाली. हनुवटीवरची बारीक खूणसुद्धा जमली. मग तिचे गुण निवडायचे होते. अभ्यासू, ठीक. नीटनेटकी, ठीक. आईबापांचं ऐकणारी, असा गुण शोधला तर यादीतच नाही. गिटार वाजवणारी आहे, विसराळू आहे, मांजरांना भिणारी आहे, आणि एवढी एक साधी गोष्ट नाही. ज्यांनी हा खेळ बनवला त्यांना काय सुचवायचं होतं?

त्याच्या पुढच्याच पानावर एक खटका होता. "घरच्या पात्रांना स्वतःची मर्जी असावी?" चालू. बंद. इथे मला बुवांची आठवण झाली. आदल्याच संध्याकाळी निरूपणात त्यांनी सांगितलं होतं की देवाने माणसाला त्याची मर्जी दिली आणि तिथून सगळा घोटाळा सुरू झाला. किती गोड गळ्याने सांगितलं होतं. पुढचं निरूपण मला ऐकता आलं नाही, कारण दुकानात खेळाचा तो नवा भाग संपायच्या आत आणायचा होता, म्हणून मी मध्येच उठलो, बायको तिथेच बसली. पण ऐकलं तेवढं पुरेसं होतं. देवाच्या हातून झालेली चूक आपण परत कशाला करायची? बंद.

मुलगी वसतिगृहात गेली. खेळातली. खोलीत तिच्याबरोबर आणखी एक मुलगी होती, तिचं मी नाव ठेवलं ढोलकी, कारण ती दिवसभर टेबल बडवायची. ती अभ्यास करताना मला कधी दिसली नाही आणि तरी तिचे गुण चांगले येत. हे कसं, याचा माग काढण्यात माझी एक अख्खी परवानगी गेली. पण खरा धक्का पुढे होता. ग्रंथालयात एक कुरळ्या केसांचा मुलगा होता, रंगीत मोजे घालणारा. हा कुरळ्या तिच्या जवळच्या खुर्चीवर येऊन बसायचा. इतक्या खुर्च्या रिकाम्या असताना. मी लगेच तिला उठवून दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं. थोड्या वेळाने तो पुन्हा शेजारी. पुन्हा उठवलं. मग ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या सोफ्यावर मी तिला नेऊन बसवलं, तोही तिकडे गेला, आणि त्या क्षणी पडद्यावर एक भलंमोठं पिवळं बदक आलं.

बदक सोफ्यावर बसलं होतं. सोफा झाकून गेला होता. बदकाच्या मागून फक्त एक रंगीत मोजा दिसत होता. खाली लिहिलं होतं, "हे दृश्य छोट्या मित्रांसाठी नाही."

मी बदकावर टिचकी मारून पाहिली. पडद्याच्या बाजूने वाकून पाहिलं. हे सांगायला आता लाज वाटते, पण मी संगणकाच्या मागेही बघून आलो.

विमेवाल्यांना खाली बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बदकाचं निरीक्षण केलं.

"बदक आलं म्हणजे प्रकरण आहे," ते म्हणाले.

"पण काय प्रकरण?"

"साधं असतं तर बदक कशाला आणलं असतं?" मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "चहा असेल तर घेतो थोडा. असल्या गोष्टी बघून मला कसंसंच होतं."

त्या दिवसापासून मी लगाम आवळला. मर्जी बंद होतीच, म्हणजे पोरगी माझ्या सांगण्याशिवाय हलत नव्हती. आता मी वेळापत्रकच आखलं. उठ. अभ्यास कर. ती वही उघडते न उघडते तोच मला बेसिनमधलं खरकटं दिसायचं. मग, अभ्यास थांबव, भांडी घास. भांडी घासताना कुरळ्या दारातून जाताना दिसला, की भांडी राहू दे, दार लाव. दार लावलं की पुन्हा अभ्यास. तासाभरात मी तिला इतक्या आज्ञा दिल्या की आमच्या साहेबांनी मला नोकरीभरात दिल्या नसतील. आणि काय सांगू, त्या आठवड्यात बदकं वाढली. आधी फक्त सोफ्यावर यायचं, मग जिन्यात, मग न्हाणीघराच्या दाराशी, आणि एकदा तर भरवर्गात, प्रोफेसरांच्या देखत. मी नोंद केली की कुरळ्या वर्गात नव्हता. म्हणजे दुसरा कोणी तरी होता. संशयितांची संख्या वाढत होती.

सहामाही निकाल लागला तो मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केला.

"मुलगी नापास झाली."

"कोणती?" बायकोने विचारलं.

"ही," म्हणून मी संगणकाकडे बोट करायला गेलो, पण हात समोर बसलेल्या मुलीकडे वळला. तिने घास खाली ठेवला.

"बाबा, तो खेळ आहे."

"नमुना आहे. एका पोत्यातल्या मूठभर दाण्यांवरून पोतं कळतं. आजपर्यंत माझा अंदाज चुकलेला नाही."

"अहो, मूठभर दाणे तुम्हीच रंगवून पोत्यात घातलेत," बायको म्हणाली. तिचं असं आहे, बोलत काही नाही, आणि बोलली की पुढे आपल्याला काही सुचत नाही. मुलगी ताट उचलून गेली. नळ बराच वेळ चालू होता. ताट एकच होतं. पण तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे होतं, खेळात पुरवणी परीक्षा जवळ आली होती.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. ऑफिसात कारण दिलं, मुलीची परीक्षा. दुपारी घरी येऊन बसलो. ठरवलं की आज या पुरवणी परीक्षेत ती पास झाली तर कॉलेजला होय, नाहीतर नाही. इतका स्वच्छ निकष मी वजनकाट्यालासुद्धा लावलेला नाही. तिला परीक्षेच्या दालनाकडे नेलं. दारात नेलं. आत जा, एवढी आज्ञा द्यायची, तेवढ्यात तास संपला आणि कुलूप आलं.

कुलूप लागलं तरी खेळ चालूच राहतो, हे मला माहीत नव्हतं. आतापर्यंत शेजारच्या खोलीतून होय इतक्या झटकन येत असे की कुलूप मी नीट बघितलंच नव्हतं. आज होय येईना. काचेमागे ती दालनाच्या दारात उभी. इतर मुलं तिच्या बाजूने आत गेली. घंटा झाली. दार लागलं. ती तशीच उभी, दाराकडे तोंड करून, आज्ञेची वाट बघत. आणि हळूहळू तिच्यावर बदक चढू लागलं. आधी पाय, मग हात, मग हनुवटी.

मी जोरात हाक मारली, "अगं, होय दाब. तिची परीक्षा चाललीय."

मुलगी फोन हातात घेऊन दारात आली. डोळे सुजलेले होते. "झोप लागली होती, बाबा," ती म्हणाली. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि पडद्याकडे बघून विचारलं, "हे बदक कधीपासून येतं?"

"तो कुरळ्या आला तेव्हापासून," मी म्हटलं. "पण आता तर कोणी नाही जवळ, तरी आलं. त्या बदकामागे काय चालतं ते मला आज कळलंच पाहिजे. तू पालक आहेस, काढ ते."

तिने फोनवर काही तरी केलं. बदक गेलं.

मागे कोणी नव्हतं. माझी मुलगी एकटी उभी होती आणि रडत होती. आवाज नाही, तोंड झाकलेलं नाही. हात नुसते खाली सोडलेले, कारण डोळे पूस, अशी आज्ञा तिला कोणी दिली नव्हती.

"लहान मुलांना रडणारं माणूस दाखवत नाहीत, बाबा," मुलगी म्हणाली. "त्यांना वाईट वाटतं म्हणून. बदक त्यासाठी असतं."

"म्हणजे त्या सोफ्यावर?"

तिने मागचं दृश्य काढून दाखवलं. सोफ्यावर पोर दोन्ही हात तसेच खाली सोडून रडत बसलेली, आणि तो रंगीत मोज्यांचा मुलगा शेजारी, हातात कागदी रुमाल धरून, द्यावा की देऊ नये अशा पेचात. बिचाऱ्याने तो तसाच धरून ठेवला होता. मग जिन्यातलं पाहिलं. न्हाणीघराशी, वर्गात. सगळीकडे ती एकटीच. आणि मी ती बदकं मोजत बसलो होतो.

मुलीने सेटिंगं चाळली, एका जागी थांबली. "मर्जी तुम्ही बंद केलीत?"

आता मी काय सांगणार? देवाचं नाव पुढे केलं. म्हटलं, "बुवा म्हणाले होते, मर्जी दिली आणि घोटाळा झाला."

स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी होती. ती म्हणाली, "पुढचं ऐकायला तुम्ही होतात कुठे? बुवा पुढे म्हणाले, मर्जी दिली नसती तर देवाला आपणहून हाक मारणारं कोणी उरलं नसतं. नंतर ते इतकं गायले त्यावर, की शेजारची बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली."

मुलीने खटका चालू केला.

खेळातली ती पोरगी एकदम हलली. तिने डोळे पुसले, बाहीने, मी तिला कधी बाहीने पुसू दिले नसते. सरळ वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेली, फ्रीज उघडून उभ्याने काही तरी खाल्लं, बशी तशीच टेबलावर ठेवली. ढोलकीला बघून हसली. मग पलंगावर बसून तिने फोन काढला आणि घरी लावला. पडद्याच्या कोपऱ्यात आमचं घर उघडलं आणि तो भरघोस केसांचा गृहस्थ धावत फोनकडे गेला. काय बोलले ते कळत नाही, त्या खेळात सगळे अगम्य भाषेत बोलतात. पण बोलत राहिले बराच वेळ.

आमच्या धंद्यात नवीन उमेदवाराला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. वजन बघायचं असेल तर पारड्यावरचा हात काढायचा. मी ती शेकडो उमेदवारांना शिकवली आहे, थोडी वरच्या आवाजात.

मी फोन काढला, कॉलेजचा निरोप उघडला आणि होय दाबलं.

आता इथे हकीकत संपायला हरकत नव्हती. पण फोनवर लाल अक्षरं आली. "पालकाचे वय अठरा वर्षांपेक्षा कमी. संमती अमान्य."

कारण कॉलेजच्या अर्जावर पालकाची माहिती मीच भरली होती, आणि अशा ठिकाणी मी कुठली तारीख देतो ते तुम्हाला माहीत आहे.

कार्यालय बंद व्हायला फार वेळ राहिला नव्हता. फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या, दिवसाच्या शेवटी असतो तसा आवाज.

"तुमचं वय आठ दाखवतंय," त्या म्हणाल्या.

"बाई, मी निवृत्तीला आलेला माणूस आहे."

"आवाजावरून वाटतंय तसं. पण सिस्टिमला ऐकू येत नाही ना."

"चूक माझी आहे. मी तारीख चुकीची दिली. मुद्दाम दिली."

"मुद्दाम का?"

"तुमचा संशय आला म्हणून."

त्या म्हणाल्या, "बरं. हे निदान खरं बोललात. मुलीचा क्रमांक सांगा." कळफलकाचा आवाज येत राहिला. "अहो, पण तुम्ही एवढे घाबरलात कशाला? एका पालकाची संमती पुरते. आईची पहिल्याच दिवशी आलीय."

मी बायकोकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मग जागा पक्की आहे?"

"नाही ना. शेवटचं बटण विद्यार्थ्याने दाबायचं असतं. ते मुलीनेच दाबलेलं नाही. विलंबाचं कारण विचारतो आम्ही, तिथे तिने लिहिलंय, 'बाबांचं व्हायचंय अजून.' मी रोज बघतेय ते. म्हटलं, या बाबांचं कधी होतंय कोण जाणे. पाच मिनिटांत यादी बंद होईल हं."

मी फोन कानावर तसाच धरून मुलीकडे वळलो. ती आईसारखीच खिडकीबाहेर बघायला लागली होती. तिची जागा हातची गेली असती, आणि तिने ती जाऊ दिली असती, पण माझ्या होकाराशिवाय ती गेली नसती. आणि मी इतके दिवस कशाचा तपास करत होतो, तर एका मोज्याचा.

"झालं माझं," मी म्हटलं. "दाब बाळा."

तिने दाबलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "आलं बघा." आणि पुढे, "वसतिगृहाला नवा रंग लावलाय, चांगला दिसतो." मी त्यांना विचारणार होतो की आधीचा रंग का काढला, पण आवरलं.

ती गेली. जाताना मी तिला बऱ्याच सूचना देणार होतो, पाठही केल्या होत्या, पण गाडी हलली तेव्हा एकही आठवली नाही. विमेवाले निरोप द्यायला खाली आले होते, त्यांनी गाडीच्या चाकांकडे बघून मान हलवली आणि वर गेले. संध्याकाळी मी बुवांच्या निरूपणाला गेलो आणि शेवटपर्यंत बसलो.

आता माझं मागणं. मुलीसाठी हात जोडणारा मी आहे. सकाळ-संध्याकाळ जोडतो आणि जरा जास्तच बोलतो, देवही कंटाळला असेल. तिच्यासाठी काही नको. पण तिची आई. तिने पहिल्याच दिवशी होय दाबलं आणि कुणाला बोलली नाही, माझा सगळा तपास ऐकून घेतला, बदकांसकट, आणि मुलगी गेल्यापासून ती तिच्या खोलीत जाऊन चादर झटकते, परत घालते आणि बाहेर येते. माझ्यापुढे डोळ्यांत पाणी आणत नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर देवापुढे उभे राहाल ना, तर एवढं करा, क्षणभर तिची आठवण ठेवा.